भिंगमास्तरांची चव्वेचाळिसावी तपासणी

भिंगमास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचं चष्म्याचं दुकान. तीस वर्षं गिऱ्हाइकांना समोरचा तक्ता वाचायला लावून ‘हं, आता खालची ओळ वाचा’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं की गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं. पुढे एक खरेखुरे मास्तर शेजारी राहायला आले, तेव्हा घोटाळा नको म्हणून यांच्यामागे भिंग लागलं. माणूस सज्जन, हाताने हलका, गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवताना त्याला गुदगुल्याही होऊ न देणारा. खोड एकच. दर सहा महिन्यांनी त्यांच्या अंगात यायचं.

दर सहा महिन्यांनी, म्हणजे त्यांच्या लिनक्सची नवी आवृत्ती निघायच्या सुमारास. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. जगभरातले लोक मिळून ती बनवतात आणि कुणालाही फुकट देतात. पक्की आवृत्ती बाहेर पडण्याआधी महिनाभर तिचं कच्चं रूप लोकांसमोर ठेवलं जातं, आणि ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांनी ते वापरून दोष कळवावेत अशी अपेक्षा असते. मास्तरांना स्वस्थ बसवत नसे. कच्ची आवृत्ती आली की ते ती पेनड्राइव्हवर घेत, दुकानातल्या कॉम्प्युटरला लावत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा, कधीकधी असतानाही, तिची तपासणी करत.

तपासणीसाठी एक वही होती. वहीत त्रेचाळीस कलमं. अक्षरं स्वच्छ दिसतात का, हे पहिलं. रंग डोळ्यांना त्रास देतात का, हे दुसरं. घड्याळाचे आकडे, खिडकीच्या कडा, बाणाची जाडी, फोटोतली हिरवळ, असं करत करत एकतिसाव्या कलमात ‘आवाज येतो का’ एवढे तीन शब्द. बाकी सगळी वही डोळ्यांची. चष्मेवाला माणूस, दुसरं काय बघणार?

घरी मास्तरीणबाईंना मात्र या सहामाहीचा धसका. त्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवायच्या. मास्तर जुनी खिडकी आणि नवी खिडकी शेजारीशेजारी उघडून त्यांना हाक मारत.

“हे बरं की हे?”

“दोन्ही सारखंच आहे.”

“नीट बघ. हे बरं... की हे?”

“अहो, माझ्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलीय दोन वर्षं. मला काय दाखवताय?”

यावर मास्तर ‘उद्या करतो’ म्हणत आणि पुन्हा खिडक्यांकडे वळत. ज्या माणसाने अर्ध्या गावाला नाकं धरून चष्मे चढवले, त्याची बायको दोरा बांधून सुईत दोरा ओवत होती. असो.

आजवर त्यांनी सतरा दोष कळवले होते. वॉलपेपरवरचा चंद्र मधोमध नसून किंचित डावीकडे आहे. बॅटरीचं चित्र उगाच उदास दिसतं. ‘कचरापेटी’चा हिरवा रंग जरा जास्तच ताजा आहे. चौदा दोष विनाउत्तर बंद झाले, दोहोंवर ‘हे असंच ठेवायचं ठरलं आहे’ असा शेरा आला, आणि एकावर कुणीतरी नुसतं ‘धन्यवाद’ लिहिलं. ते धन्यवाद मास्तरांनी छापून दुकानाच्या काउंटरवरच्या काचेखाली ठेवलं. गिऱ्हाईक खाली वाकलं की मास्तर सहज म्हटल्यासारखं म्हणत, “ते होय? काही नाही, परदेशातून आलंय.”

मागच्या खोलीत त्यांची मोठी बहीण राहायची. ताई. ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. तेहेतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. चारशे एक्स्टेन्शन नंबर तोंडपाठ. कुठल्या डॉक्टरचा फोन किती वेळा वाजू द्यायचा तेही पाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका संग्रहालयाचं काम धरलं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींची रेकॉर्डिंग्ज यायची, ती ऐकून त्या टाइप करायच्या. एका कानात म्हातारं माणूस आणि दुसऱ्या कानात कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर बोलायचा. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात होता आणि त्याचा आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणीतरी तो हलवतंय. घरात त्याला पत्र्या म्हणत. ताईंनी त्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नसे. मास्तरीणबाई म्हणायच्या, “ताई, तुमचा पत्र्या भांडतोय का कुणाशी?” ताई हसत. त्यांना सगळं कळत असे.

या पत्र्याचं मोल ताईंना किती होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. लहानपणी ताईंची पत्रं त्यांची आत्या वाचून दाखवायची. आत्या प्रेमळ होती, पण तिला न आवडलेला मजकूर ती गिळून टाकायची. ताईंच्या एका मैत्रिणीने सलग चार पत्रांतून बोलावणं केलं होतं, हे ताईंना सहा वर्षांनी कळलं. तेव्हापासून कुणी ‘आण, मी वाचून दाखवतो’ म्हटलं की ताईंच्या कपाळावर आठी पडायची. चौदा वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्यांच्या टेबलावर लिनक्सचा कॉम्प्युटर आणून ठेवला आणि पत्र्या बोलू लागला. त्या दिवसापासून ताईंनी कुणालाही, एकदाही, ‘यात काय लिहिलंय रे’ असं विचारलं नव्हतं. मास्तरांना याचा अभिमान होता. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे एक काम आपल्याकडून बरं झालं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

म्हणूनच घरात नियम होता की ताईंच्या कॉम्प्युटरवर कच्ची आवृत्ती टाकायची नाही. पक्की निघाली, महिनाभर मुरली, की मगच. नियम मास्तरांनीच केला होता आणि तो मोडलाही त्यांनीच.

झालं असं, की यंदाच्या कच्च्या आवृत्तीत नवा आवाज आला. दुकानात तपासणी करताना एकतिसाव्या कलमाला मास्तरांनी तो लावला आणि जागच्या जागी विरघळले. बाईचा आवाज. गोड, संथ, स्वल्पविरामाला थांबणारा, प्रश्नाला वर जाणारा. वाचत होती नुसती ‘सेटिंग्ज, ध्वनी, बंद करा’, पण जणू कुणी जिवाभावाचं विचारपूस करतंय. चष्म्याला आलेलं एक गिऱ्हाईकही म्हणालं, “कोण बोलतंय हो? किती छान.” बस्स. आपली ताई चौदा वर्षं त्या पत्र्याचा खडखडाट सोसते आहे, या विचाराने मास्तरांना राहवेना. तिला हा आवाज मिळायलाच हवा, आणि आजच मिळायला हवा.

रविवारी ताई टेलिफोन बोर्डावरच्या जुन्या मैत्रिणींना भेटायला गेल्या. दार बंद झाल्याबरोबर मास्तर वही आणि पेनड्राइव्ह घेऊन मागच्या खोलीत शिरले. आधी ताईंच्या सगळ्या फायली नीट वेगळ्या काढून ठेवल्या. माणूस उतावळा असला तरी निष्काळजी नव्हता. मग जुनं पुसून नवं टाकलं. कॉम्प्युटरने विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? मास्तरांनी सवयीने स्वतःचं नाव टाकलं. देखभालीला बरं, म्हणून. मग त्याखाली ताईंचं, त्यांच्या नेहमीच्या पासवर्डसकट. माउसने ताईंच्या नावावर टिचकी मारून आत गेले, गोड बाईला बोलतं केलं, त्रेचाळीस कलमांवर त्रेचाळीस टिकमार्क केले आणि वही मिटली.

“ताईंना विचारलंत का?” मास्तरीणबाईंनी मशीनवरूनच विचारलं.

“विचारलं तर गंमत काय राहिली?”

संध्याकाळी ताई दमून आल्या. मास्तर एवढंच म्हणाले, “ताई, उद्या सकाळी कॉम्प्युटर लाव. गंमत आहे.”

“तुझी गंमत म्हणजे चंद्र हलवला असशील,” ताई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

सोमवारी मास्तर दुकानात गेले ते शीळ घालत. दर अर्ध्या तासाने फोनकडे बघत होते. ताईंचा फोन येणार, आवाज भरून आलेला असणार, आणि आपण म्हणायचं, ‘त्यात काय एवढं.’ हे वाक्य त्यांनी दोनतीन तऱ्हेने म्हणूनही पाहिलं. एका आजोबांना ते उगाच ऐकावं लागलं. फोन काही आला नाही. बारा वाजले तेव्हा मास्तरांनी ठरवलं, की ताईला समोरासमोरच सांगायचं असेल.

एक वाजता ते जेवायला घरी आले. शिलाई मशीन बंद होती. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजरेनेच मागची खोली दाखवली. मास्तर हसऱ्या तोंडाने आत गेले.

“कशी वाटली?”

“कोण?”

“ती. नवीन बाई.”

“बस,” ताई म्हणाल्या.

मास्तर बसले. ताईंचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. टेलिफोन बोर्डावर कितीही आग लागली तरी ज्या आवाजात त्या ‘थांबा, जोडते’ म्हणायच्या, त्याच आवाजात त्या बोलू लागल्या.

“नऊ वाजता मी बटण दाबलं. रोज पंखा फिरतो, मग पत्र्या म्हणतो, ‘ताई, पासवर्ड.’ आज पंखा फिरला, पुढे काही नाही. मला वाटलं पत्र्या उशिरा येईल. पाच मिनिटं थांबले. मग अंदाजाने पासवर्ड टाकला. काही नाही. बंद केला, परत लावला. सहा वेळा टाकला. संग्रहालयाला ते नावाड्याचं रेकॉर्डिंग बाराच्या आत हवं होतं, तुला माहीत होतं. शेवटची चार पानं राहिली होती.”

“अगं मग मला फोन...”

“तुला फोन करून काय विचारू? माझ्या कॉम्प्युटरवर काय दिसतंय, ते?”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“दहा वाजता हिला बोलावलं,” ताई म्हणाल्या. “म्हटलं, वाच गं, काय लिहिलंय. हिने एका हाताने चष्मा धरला, दुसऱ्या हाताने दांडी, आणि वाचलं. वर तुझं नाव होतं, खाली माझं. मी तासभर तुझ्या नावापुढे माझा पासवर्ड टाकत होते. आत गेल्यावर तुझी ती बाई बोलायला लागली. तिचं एक वाक्य होईपर्यंत माझी तीन टाइप होतात. वेग वाढवायचं बटण हिने शोधलं, तेही वाचून वाचून. चार मिनिटं कमी बाराला पाठवलं मी ते.”

“गेलं ना पण?”

“गेलं,” ताई म्हणाल्या. “चौदा वर्षांनी आज मला कुणाला तरी म्हणावं लागलं, वाच गं. बाकी काही नाही.”

मास्तरांचा चेहरा खाडकन उतरला. ताईंना तो दिसला नाही, पण खुर्ची करकरली नाही यावरून त्यांनी ओळखलं असेल. आपण कुणासाठी काय करायला गेलो आणि काय करून बसलो, याची मास्तरांना इतकी लाज वाटली की कान तापले. दुकानात पेनड्राइव्ह लावून तपासताना कॉम्प्युटर पासवर्ड न विचारताच आत घेतो. रविवारी इथे तपासताना समोर नावं दिसत होती, ती बघून ते माउसने आत गेले. पासवर्डाच्या त्या दारात कुणी बोलत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात यायला आधी ते ऐकायला हवं होतं.

“मी आत्ता जुनं परत टाकतो,” ते उठत म्हणाले. “दुकान उघडत नाही आज.”

“बस म्हटलं ना. हे तुझं कच्चं, ते पक्कं कधी होणार?”

“सोळा दिवसांनी.”

“मग सगळ्यांच्या घरी जाणार?”

“हो.”

“आणि ज्यांच्या घरी वाचायला ही नाही, त्यांनी काय करायचं?”

ताईंनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, कॉम्प्युटर बंद करून परत लावला आणि पडद्याच्या मागे हात घालून पडद्याचं बटण टक् करून बंद केलं.

“आता आत जा. माझ्या नावाने. पासवर्ड तुला माहीतच आहे.”

मास्तरांना वाटलं, यात काय, नावांची यादी तर आपणच केली आहे. एकदा खालचा बाण, एंटर, पासवर्ड, एंटर. केलं. समोर काळी काच. पुन्हा केलं. पहिली टिचकी झोपलेला पडदा उठवण्यातच गेली की खाली गेली, ते कळेना. एंटर लागलं की नाही, कळेना. तिसऱ्यांदा बोट चुकून कुठेतरी पडलं आणि मग आपण कुठे आहोत हेच कळेना. त्यांना घाम फुटला.

“झालं का?” ताईंनी विचारलं.

“माहीत नाही गं.”

“मलाही माहीत नव्हतं.” आणि मग, पहिल्यांदाच जरा हसून, “हं, आता खालची ओळ वाचा, मास्तर.”

दारात उभ्या मास्तरीणबाईंना हसू आवरेना. मास्तरही हसले, पण डोळे पुसत.

दोष कळवण्याचं पत्र त्याच दुपारी लिहिलं गेलं. मास्तरांनी इंग्रजीत सुरुवात केली ती ‘आपल्या सुंदर आवृत्तीबद्दल अभिनंदन’ इथून. ताईंनी ते पुसायला लावलं. बोर्डावरच्या बाईला लांबण लावणारी माणसं आवडत नाहीत. त्यांनी सांगितलं तेवढंच गेलं. ‘लॉगिनचा पडदा बोलत नाही. न बघता वापरणारा माणूस स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊ शकत नाही.’ खाली क्रमाने, कुठलं बटण दाबलं, किती सेकंद थांबले, काय ऐकू यायला हवं होतं आणि काय ऐकू आलं. काय ऐकू आलं, यापुढे एकच शब्द होता, ‘काहीही नाही’ या अर्थाचा. नाव ताईंचं.

आवाजांच्या यादीतून पत्र्याला ताईंनी लगेच परत आणलं. मास्तर जरा हिरमुसले.

“गोड होती गं ती बाई.”

“गोडच आहे. पण ती माझ्याआधी हळहळते. त्या नावाड्याची बायको वाहून गेली, हे वाचताना तिचाच गळा दाटतो. पत्र्या नुसता वाचतो, हळहळायचं काम माझ्याकडे ठेवतो. आणि तुझ्या बायकोला आधी चष्मा दे. दहा ओळी वाचायला तिला घामाच्या धारा लागल्या.”

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंना नवा चष्मा मिळाला. नंबर दोनदा बदलून गेला होता. मास्तरांनी तो काढताना ‘हे बरं की हे?’ विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वीचं बरं होतं.”

पत्राला संध्याकाळीच पहिलं उत्तर आलं. कुठल्यातरी दूरच्या माणसाने लिहिलं होतं, ‘मलाही. तीन दिवस मुलीला विचारून आत जातो आहे. मला वाटलं माझंच काही चुकतंय.’ ताईंनी पत्र्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग आणखी तिघे आले. पाचव्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, दुरुस्ती केली आहे, तपासाल का? ताईंनी तपासली. पत्र्या बोलला, पण नाव न सांगता नुसता ‘पासवर्ड’ म्हणाला. ताईंनी परत पाठवलं. कुणाचा पासवर्ड? बाराव्या दिवशी तेही झालं. खाली शेरा आला. ‘धन्यवाद. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.’

“छापू?” मास्तरांनी विचारलं. सतरा पत्रांत त्यांना एक धन्यवाद मिळालं होतं, आणि हिला पहिल्याच पत्रात, तेही पूर्ण वाक्यासकट.

“छाप की. मला कुठे दिसणार आहे?”

मास्तरांनी छापलं आणि काचेखाली आपल्या धन्यवादाच्या वर ठेवलं. आता गिऱ्हाईक वाकलं की ते म्हणतात, “ते होय? माझ्या बहिणीचं आहे.”

सोळाव्या दिवशी पक्की आवृत्ती निघाली. सकाळी ताई म्हणाल्या, “मीच टाकणार. पेनड्राइव्ह टेबलावर ठेव आणि दुकानात जा.”

मास्तरांनी पेनड्राइव्ह ठेवला, दुकानात जातो म्हणाले आणि चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये उभे राहिले. दार लोटलेलं होतं. आत पत्र्या खडखडत होता. अर्धा तास तो काहीबाही विचारत होता आणि ताईंची बोटं उत्तरं देत होती. मग कॉम्प्युटर बंद झाला. परत लागला. पंखा फिरू लागला.

मास्तर सेकंद मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. पुढच्या खोलीत मशीन थांबली, तिथूनही कुणीतरी मोजत होतं. सात. आठ. मास्तरांचा हात आपोआप दाराकडे गेला. आता ती हाक मारणार, अरे जरा ये रे, बघ रे काय लिहिलंय. तिने ती मारू नये असं त्यांना इतकं वाटत होतं की कपातला चहा बशीत सांडला.

“ताई, पासवर्ड,” आतून पत्र्या म्हणाला.

बोटं चालली. भराभर, न थांबता, टेलिफोन बोर्डावर चालायची तशी. लगेच पत्र्याची अखंड बडबड सुरू झाली, जिच्यातलं एक अक्षरही मास्तरांना कळलं नाही.

ते पाय न वाजवता पुढच्या खोलीत आले. शिलाई मशीनवर त्यांची वही उघडून त्यांनी त्रेचाळिसाव्या कलमाखाली लिहिलं, ‘४४. पडदा बंद करून.’ मग जरा विचार करून तो आकडा खोडला आणि तिथून बाण काढून ते कलम पानाच्या अगदी वर नेलं, एकाच्याही आधी.

“बोलावलं का हो ताईंनी?” मास्तरीणबाईंनी नव्या चष्म्यातून बघत विचारलं.

“नाही,” मास्तर म्हणाले. “बोलावलंच नाही!” आणि हे सांगताना त्यांचं तोंड असं फुललं होतं की बाईंनी कात्री खाली ठेवली आणि त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला.